वीस खाचा

"पोरी, गिअरबॉक्स घ्यायला आलीयस का जावई बघायला?" दस्तगीरचाचा म्हणाले. "माझ्या लेकीचं जमवतानासुद्धा एवढी तपासणी झाली न्हवती."

अण्णांना हसू आवरेना. "चाचा, जावई कसाही निघाला तरी सांभाळून घेता येतो. हा जुळला न्हाई, तर माझी गाडी जागची हलायची न्हाई."

माझ्या तोंडात पेन्सिल होती. एका हातात कॅलेंडरचं मे महिन्याचं पान होतं आणि दुसऱ्या हातात माप घ्यायचा व्हर्निअर. मी पोत्यावर उकिडवी बसले होते आणि माझ्यासमोर, चिखलाचे पापुद्रे धरलेला, माणसाच्या धडाएवढा गिअरबॉक्स पडला होता.

चौदा वर्षं झाली त्या दिवसाला. मिरजेत रुळांच्या पलीकडे चाचांचं आवार होतं. मोडीत निघालेल्या गाड्या खोलायच्या आणि त्यांचे भाग विकायचे, हा त्यांचा धंदा. दारं एका रांगेत उभी, रेडिएटर दुसऱ्या रांगेत आणि पत्र्याच्या शेडखाली पोत्यांवर गिअरबॉक्स. जमिनीवर सगळीकडे लोखंडाचा चुरा, स्क्रू, काचा. त्या रांगेतला डाव्या हाताचा, दुसऱ्या पोत्यावरचा गिअरबॉक्स आमच्या व्हॅनच्या गिअरबॉक्ससारखा दिसत होता. तो तिला बसतो की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

अण्णांचं सगळं त्यावर अडलं होतं. माझे वडील, रंगराव माने, मणेराजुरीच्या वस्त्यांवरची अकरा मुलं व्हॅनमध्ये घालून तासगावच्या शाळेत न्यायचे आणि दुपारी परत आणायचे. नऊ वर्षं त्यांचा हाच क्रम होता. मुलं त्यांना रंगामामा म्हणत. त्याआधी ते ट्रकवर होते आणि त्याच्याही आधी ट्रकवरच क्लीनर होते. आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. मे महिन्याच्या शेवटी सावळजच्या चढाला गिअरबॉक्स मोडला आणि व्हॅन ट्रॅक्टरला बांधून घरी आणावी लागली. शाळा पंधरा जूनला उघडायची होती आणि त्या दिवशी सहा तारीख होती. पालक विचारायला लागले होते, "रंगराव, गाडी सुरू होणार ना, का दुसरी बघू?" अण्णा प्रत्येकाला एकच सांगत होते, "पंधराला सकाळी सातला दारात हॉर्न वाजंल."

मी नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. गिअरबॉक्स मोडल्याचं मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त उत्सुकता वाटली, हे आता कबूल करायला हरकत नाही. पुस्तकातली दातेरी चाकं मी पहिल्यांदाच हातात घेणार होते.

आमचे मिस्त्री मल्लूअप्पा कोरे यांनी जुना गिअरबॉक्स उघडून चाकं परातीत मांडली होती. "हे बघ," म्हणून त्यांनी एक चाक माझ्या हातावर ठेवलं. दात्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

"हे कशानं होतं, अप्पा?"

"क्लच पुरा न दाबता गिअर टाकला की. फिरत्या चाकावर फिरतं चाक आदळतं."

"क्लचची केबल ढिली असंल," मागून अण्णा म्हणाले.

"केबल मीच बदललीय की दिवाळीत."

"मग रस्ते तसले हायत."

मल्लूअप्पांनी अण्णांकडे बघितलं, मग परातीकडे बघितलं. "असंल," म्हणाले आणि हात पुसायला चिंधी शोधू लागले.

मी माझ्या वहीत लिहिलं: दुसरा व तिसरा गिअर, दात्यांच्या कडा झिजलेल्या. कारण: क्लच अपुरा दाबला जाणे. पुढे कंसात प्रश्नचिन्ह काढलं, कारण केबल नवी असताना क्लच अपुरा का दाबला जावा, हे मला कळत नव्हतं.

"नुसतं गाडीचं नाव सांगून काय आणू नका," मल्लूअप्पांनी त्याच दिवशी बजावलं होतं. "आधीच्या गाड्यांना चार गिअरचा यायचा, नंतरच्यांना पाचचा. वरून बघितलं तर जुळे भाऊ. आणलेला माल परत कोण घेत न्हाई."

म्हणून मी दोन दिवस जुन्या गिअरबॉक्सची मापं घेतली. इंजिनाला जोडतात त्या तोंडावर मे महिन्याचं पान पसरून अंगठ्याने दाबलं. प्रत्येक भोकाची कड कागदावर काळी उमटली. मग सगळी भोकं कात्रीने कापून काढली. लांबी घेतली. परातीतल्या चाकांचे दाते मोजून, पुढचा शाफ्ट किती फिरला की मागचा एकदा फिरेल, हे प्रत्येक गिअरला काढलं. आणि पुढच्या शाफ्टवरच्या उभ्या खाचा मोजल्या. या खाचांवर क्लचची प्लेट बसते. खाचा वेगळ्या असतील तर प्लेट आत शिरतच नाही. आमच्या गिअरबॉक्सला वीस होत्या. एक खाच दोनदा मोजली जाऊ नये म्हणून सुरुवातीच्या खाचेला खडूची रेघ मारायची, ही माझी युक्ती अण्णांना फार आवडली होती. शेजारच्यांना बोलावून त्यांनी ती दाखवली. "आमच्या वृषाचं मोजणं म्हंजे मोजणं."

तर आता मी मिरजेत, दुसऱ्याच गिअरबॉक्सच्या तोंडावर, तेच मे महिन्याचं पान धरलं. प्रत्येक भोकातून भोक दिसलं.

"जुळलं," मी पेन्सिल काढून म्हटलं.

"जुळलं!" अण्णांनी चाचांना सांगितलं, जणू चाचा बहिरे होते.

लांबी जुळली. मागचा दांडा जिथे बसतो ते टोक जुळलं. अण्णांनी पहिला गिअर टाकून धरला, मी पुढचा शाफ्ट फिरवला. इकडे साडेतीन फेऱ्यांहून जरा जास्त झाल्या तेव्हा तिकडे एक पूर्ण झाली. आमच्यासारखंच. आत कुठे खरखर नव्हती. अण्णा कान लावून ऐकत होते.

"लोण्यासारखा फिरतोय," ते म्हणाले. "चाचा, कुठल्या गाडीचा म्हणायचा हा?"

"एका मास्तरांची हुती. पन्नासच्या वर कधी न्हेली न्हाई बिचाऱ्यांनी."

"तुमच्याकडच्या सगळ्या गाड्या मास्तरांच्याच कशा असतात ओ?"

"मग काय, तुमच्यासारख्या ड्रायवरांच्या गाडीत इकण्यासारखं काय उरतंय?"

दोघं हसले. शेवटचं एकच राहिलं होतं. मी शाफ्टवर खडूची रेघ मारली आणि पेन्सिलीच्या टोकाने खाचा मोजत गेले. रेघेशी परत आले तेव्हा वीस झाल्या होत्या. एकदा उलट बाजूने मोजल्या. वीस. मी वही उघडली आणि आकडा लिहिणार तोच पेन्सिल हातातून निसटली आणि घरंगळत अण्णांच्या पायाशी गेली.

ती घ्यायला मी वाकले. अण्णांच्या डाव्या चपलेखाली जमीन ओली काळपट दिसत होती. त्या आवारात सगळीकडे ऑइल सांडलेलं होतं, त्यामुळे मला आधी काही वाटलं नाही. पण ऑइल पसरतं आणि त्याच्या कडेला सात रंग दिसतात. हे पसरत नव्हतं. मी बोट लावलं. बोट लाल झालं.

चपलेच्या तळातून एक स्क्रू आरपार गेला होता. त्याचं डोकं खालून दिसत होतं. बाकीचा सगळा अण्णांच्या पायात होता. आणि अण्णा सगळा भार त्याच पायावर देऊन चाचांना सावळजच्या चढाची गोष्ट सांगत होते.

"अण्णा," मी खालूनच म्हटलं, "पाय दुखतोय का?"

"कशाला दुखंल? तुझंच गुडघं दुखायला लागलं असतील. झालं का मोजून?"

वहीतलं ते प्रश्नचिन्ह मला आठवलं. ज्याला पायाखाली स्क्रू कळत नाही, त्याला पेडल कुठपर्यंत गेलं हे कुठून कळणार? अण्णांना सहा-सात वर्षं साखरेचा आजार होता. गोळ्या आठवल्या तर घ्यायचे. या आजारात पायातली जाणीव जाते, हे मी वाचलं होतं. ती मोज्यासारखी जाते, बोटांपासून वर आणि दोन्ही पायांची. नंतर हातमोज्यासारखी हातांची.

दोन्ही पायांची.

क्लच डाव्या पायाने दाबतात. ब्रेक उजव्या.

मी पेन्सिल उचलली आणि तिचं टोक अण्णांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर टेकवलं. ते चाचांशी बोलत होते. मी जरा दाबलं. ते बोलत राहिले. मी आणखी दाबलं. त्यांच्या कातडीला खळगा पडला, मग शिसं कट्कन तुटलं. अण्णा म्हणत होते, "आणि पाठीमागं विटांची ट्रॉली, चाचा, बोला आता."

अकरा मुलं होती. सगळ्यात लहान होती खराड्यांची पिंकी, पहिलीतली. तिला अण्णा पुढे स्वतःशेजारी बसवायचे, कारण मागे तिला मळमळायचं.

"मग काय ठरलं?" चाचांनी विचारलं. "बांधू का?"

मी उभी राहिले. माझ्या हातात वही होती आणि शिसं तुटलेली पेन्सिल. आजवर मी अण्णांशी खोटं बोलले नव्हते असं नाही. पण मोजण्याच्या बाबतीत कधीच नाही.

"बसत नाही," मी म्हटलं.

"आँ?" अण्णा वळले.

"शाफ्टवर बावीस खाचा आहेत. आपल्या वीस. प्लेट आत शिरणार नाही."

चाचा आधी हसले, मग त्यांचा चेहरा बदलला. "काय बोलतीस पोरी? पस्तीस वर्षं हेच करतोय मी. ह्या गाडीला बावीसचा येतच न्हाई."

"मी दोनदा मोजल्या."

"मग तिसऱ्यांदा मोज. आण इकडं, मी मोजतो. आणि समजा बावीस असल्या तरी प्लेट बदल की! त्याच्यासाठी आख्खा गिअरबॉक्स सोडतंय का कोण?"

चाचा गुडघ्यावर हात देऊन खाली बसू लागले. ते मोजतील, वीस निघतील आणि सगळं उघडं पडेल. तेवढ्यात अण्णा त्यांच्या आधी बसले.

"थांबा चाचा. मी बघतो."

त्यांनी डाव्या हाताने शाफ्ट धरला. उजव्या अंगठ्याचं नख खडूच्या रेघेवर ठेवलं आणि एकेक खाच पुढे सरकत गेले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. नख रेघेशी परत आलं. अण्णांनी नख उचललं. मग शाफ्टवर दोनदा थोपटलं, मुलांच्या पाठीवर थोपटायचे तसं.

"बावीसच हायत," ते म्हणाले.

"रंगराव..."

"बावीस हायत, चाचा. पोरीचं बरोबर हाय."

चाचांनी अण्णांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खाली, चपलेपाशी. "बरं," ते हळू आवाजात म्हणाले. "च्या घेऊन जावा."

आम्ही चहा घेतला नाही.

मला तेव्हा वाटलं, हातांचीही जाणीव गेली आहे. माझ्या डोक्यात मोजा आणि हातमोजा एवढंच होतं. अण्णांच्या बोटांना खाचा कळल्या नाहीत, आणि मी सांगितला तो आकडा त्यांनी विश्वासाने म्हटला. या विश्वासाचं मला बरं वाटायला हवं होतं. पण रूळ ओलांडताना मी त्यांच्या बरोबरीने न चालता मागे राहिले. माणसाच्या अधूपणाचा फायदा घेऊन त्याला फसवावं, तसं मी माझ्या बापाला फसवलं होतं.

आवारात स्क्रूचं नाव काढलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून एसटी स्टँडवर पोचल्यावर मी त्यांना बाकावर बसवलं आणि म्हटलं, "अण्णा, चप्पल काढा. काहीतरी लागलंय."

चप्पल सहज निघेना. मी ओढली, तसा स्क्रू तिच्याबरोबर बाहेर आला. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणाच्या तरी पायातून निघाल्यासारखा त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"कधी लागला?"

"मघाशी. आवारात."

"चप्पल झिजलीय," ते म्हणाले. "नवी घ्यायला पायजे."

मी नळावरून बाटली भरून आणली आणि पाय धुतला. ते गाड्यांकडे बघत होते. तासगावची एसटी लागली. ड्रायव्हरने मागे घेताना गिअर खरडला, तशी अण्णांच्या कपाळावर आठी उमटली. त्यांनी तो स्क्रू खिशात टाकला.

"दुसरा गिअरबॉक्स शोधू आपण," मी एसटीत म्हटलं. "सांगलीत बघू. कोल्हापुरात."

"बघू की," अण्णा म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघू लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पायाला तार टेकवून विचारलं, कळतंय का, कळतंय का. अण्णा प्रत्येक वेळी "हो" म्हणत होते, तार टेकवलेली नसतानासुद्धा. ती जखम भरली नाही. श्रावणात त्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

पंधरा जूनला सात वाजता आमच्या दारावरून दुसऱ्याच एका गाडीचा हॉर्न वाजत गेला. अण्णा तेव्हा ओट्यावर दाढी करत होते. त्यांनी आरसा थोडा फिरवला, एवढंच. व्हॅनवर ताडपत्री होती. रोज संध्याकाळी मला वाटायचं, आज विचारतील, 'वृषा, कुठं मिळतोय का गं?' काय सांगायचं, हेही मी ठरवून ठेवलं होतं. त्यांनी एकदाही विचारलं नाही. अण्णा पुढे नऊ वर्षं जगले, पण त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. एकदाच त्या गोष्टीच्या जवळ गेलो. तेव्हा सप्टेंबर होता.

पिंकीचा चुलता, धनाजी खराडे, व्हॅन बघायला आला होता. पंचविशीचा, धडधाकट पोरगा. शाळेची मुलं यापुढे तो नेणार होता. अण्णा ओट्यावर बसले होते, पट्टी बांधलेला पाय पाटावर ठेवून. मी आत चहा टाकला होता. खिडकी उघडी होती.

"पाय बरं हायत न्हवं तुझं?" अण्णा विचारत होते.

"माझं? माझ्या पायाला काय धाड भरलीय, मामा?"

"तसं न्हवं. क्लच तळापर्यंत दाबायचा. मगच गिअर टाकायचा. आणि ब्रेक... गाडीत पोरं असतात."

"व्हय की. पण आधी गिअरबॉक्सचं काय करू? तो तर मोडलाय."

"मिरजेला दस्तगीरचाचांकडं जा. शेडखाली, डाव्या हाताला, दुसऱ्या पोत्यावर एक हाय. माझं नाव सांग. मी ठेवायला सांगितलाय."

पातेल्यातला चहा वर आला, उतू गेला, गॅस विझला. वास आला तेव्हा कुठे मी बटण बंद केलं.

"बसंल न्हवं पण, मामा? जुन्या मालाचं काय खरं न्हाई."

"बसतो. भोकं जुळतात, लांबी जुळती. शाफ्टला वीस खाचा. आमच्या वृषानं मोजलाय."

"तुम्ही बघितला का सोता?"

"मी पण मोजला. पोरीचं मोजणं चुकत न्हाई."

मी उरलेला चहा गाळला. कपाच्या कडा पुसल्या. परत पुसल्या. मग ट्रे घेऊन बाहेर गेले, कारण आत थांबून काही होणार नव्हतं. ओट्यावर, अण्णांच्या मांडीवर, मे महिन्याचं ते पान होतं. त्यांनी ते घडी घालून जपून ठेवलं होतं. धनाजी एका भोकातून बोट घालून बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "वीसच ना नक्की? का एकदा परत मोजून घेऊ तिथं?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते व्हॅनकडे बघत होते. ताडपत्री काढल्यामुळे ती लहान दिसत होती.

"वीस," मी म्हटलं. "परत मोजायची गरज नाही."

"सांगितलं न्हवं," अण्णा त्याला म्हणाले आणि कप घ्यायला हात पुढे केला. कपाला बोटं लागताच त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"केवढा गरम आणलायस गं," ते म्हणाले. "बोटं भाजली की."